मांजरीतून निघालेली लस वाटेत गरम झाली, तर कळणार कधी? मोठ्या कंपन्या ‘रिअल टाइम डेटा’च्या मागे का लागल्यात, त्याची गोष्ट

१२ जानेवारी २०२१. संक्रांतीला दोन दिवस बाकी होते. पहाटे पाचच्या थोडं आधी मांजरीतल्या सीरम इन्स्टिट्यूटच्या गेटमधून तीन ट्रक बाहेर पडले. निघण्याआधी पूजा झाली होती, पोलिसांचा बंदोबस्त होता आणि ते दृश्य टिपायला कॅमेरावाले थंडीत उभे होते. ट्रकमध्ये कोविशील्डची ४७८ खोकी होती. एकेक खोकं ३२ किलोचं. पंधरा किलोमीटरवरच्या लोहगाव विमानतळावर माल पोचला आणि त्या दिवशी नऊ विमानांतून ५६.५ लाख डोस १३ शहरांकडे निघाले.

सरकारनं त्या पहिल्या ऑर्डरला एका डोसमागं २०० रुपये भाव दिला होता, जीएसटी वेगळा. म्हणजे हिशोब ११३ कोटींचा. सरासरी काढली तर एका खोक्यात बारा हजारांच्या आसपास डोस, किंमत साधारण २४ लाख.

टीव्हीवर ट्रक दिसले, विमानं दिसली, ठिकठिकाणी झालेलं स्वागत दिसलं. एक गोष्ट मात्र कॅमेऱ्यात दिसण्यासारखी नव्हती. ती म्हणजे खोक्याच्या आतलं तापमान. ही लस २ ते ८ अंशांतच राहायला हवी होती. मांजरीतून निघाल्यापासून कुठल्यातरी तालुक्यातल्या आरोग्य केंद्रात सुई टोचेपर्यंत, प्रत्येक टप्प्यावर.

आता समजा वाटेत कुठंतरी एका गाडीचं कूलिंग बंद पडलं. ही गोष्ट कळणार कोणाला? आणि त्याहून महत्त्वाचं, कळणार कधी?

‘रिअल टाइम डेटा स्ट्रीमिंग’ हा शब्द सध्या मोठ्या कंपन्यांच्या प्रत्येक प्रेझेंटेशनमध्ये असतो. ऐकायला जड आहे, पण त्यामागचा प्रश्न हा एवढाच आहे: घटना घडली कधी, आणि कळली कधी.

वहीत ५ अंश, आणि रात्री काय झालं कोणाला माहीत

सरकारी आरोग्य केंद्रात लस ठेवायचा एक खास फ्रिज असतो. आयएलआर म्हणतात त्याला. त्यावर एक वही ठेवलेली असते. सकाळी एकदा आणि संध्याकाळी एकदा तापमान बघायचं, वहीत लिहायचं, सही करायची. वर्षानुवर्षांची पद्धत आहे आणि ती काही चुकीची नाही.

पण संध्याकाळी पाचला ५ अंश लिहिलं आणि सकाळी नऊला पुन्हा ५ अंश लिहिलं, तर मधल्या सोळा तासांत काय झालं? रात्री लाइट गेली असेल. तापमान १४ वर गेलं असेल, पहाटे लाइट आल्यावर खाली उतरलं असेल. किंवा थर्मोस्टॅट बिघडून ते शून्याखाली गेलं असेल. वही खोटं बोलत नाही, पण तिला दोनच क्षण माहीत असतात.

लसीच्या बाबतीत गोठणं हे तापण्याइतकंच वाईट. बाळांना देतात ती पेंटाव्हॅलंट किंवा हिपॅटायटिस बीची लस एकदा गोठली की बाद. पुन्हा वितळवून उपयोग नाही. आणि नुसतं बघून ते कळेलच असंही नाही.

यावर एक जुना आणि फार हुशार उपाय आहे. कुपीच्या लेबलवर एक गोल असतो, त्यात एक फिकट चौकोन. उष्णता लागत जाईल तसा चौकोन गडद होत जातो. तो बाहेरच्या गोलाइतका गडद झाला की कुपी वापरायची नाही. १९९६ मध्ये पोलिओच्या लसीवर ही खूण पहिल्यांदा आली. बॅटरी नाही, सिमकार्ड नाही, आणि नर्सला एका नजरेत समजतं.

तरी तिच्या दोन मर्यादा आहेत. लस गोठली होती का, हे ती सांगत नाही. आणि कुपी बाद झाली एवढंच सांगते. कुठं झाली, किती वाजता झाली, कोणाच्या ताब्यात असताना झाली, यातलं काही सांगत नाही. म्हणजे हा पंचनामा झाला. माल गेल्यानंतरचा.

मग भारतात काय केलं गेलं?

२०१५ पासून केंद्रीय आरोग्य मंत्रालयानं संयुक्त राष्ट्रांच्या विकास कार्यक्रमाच्या मदतीनं ‘ई-विन’ नावाची यंत्रणा टप्प्याटप्प्यानं राज्यांमध्ये आणली. फ्रिजमध्ये एक सेन्सर, त्याला जोडलेला सिमकार्डवाला लॉगर, आणि साठ्याची नोंद करायला कर्मचाऱ्याच्या हातात मोबाइल ॲप. लॉगर दर दहा मिनिटांनी तापमान नोंदवतो आणि दर तासाला ते सर्व्हरवर पाठवतो. तापमान हद्दीबाहेर गेलं तर तिथं अलार्म वाजतो आणि जबाबदार लोकांना एसएमएस व ईमेल जातो.

इथं एक बारीक गोष्ट बघण्यासारखी आहे. ‘रिअल टाइम’ म्हटलं की सेकंदाच्या हजाराव्या भागात माहिती आली पाहिजे असा समज असतो. इथं तर नेहमीची माहिती तासाने येते! आणि तरी यंत्रणा चालते, कारण फ्रिजमधलं तापमान एका सेकंदात २ वरून २० वर जात नाही. जाड इन्सुलेशन आणि बर्फाचं अस्तर असल्यामुळं हातात थोडा वेळ असतो. त्या वेळेच्या आत बातमी पोचली की झालं. वाट न बघता जायला हवा तो फक्त धोक्याचा इशारा.

म्हणजे ‘रिअल टाइम’चं माप घड्याळात नसतं. नुकसान व्हायला किती वेळ लागतो, त्यावर ते ठरतं.

रोजकीर्द आणि खतावणी

हे तंत्रज्ञान समजून घ्यायला कॉम्प्युटर इंजिनिअर असायची गरज नाही. मार्केट यार्डातला कुठलाही जुना दुकानदार ते पटकन समजेल.

त्याच्याकडं दोन वह्या असतात. रोजकीर्दीत दिवसभराचे व्यवहार घडतील त्या क्रमानं लिहायचे. एकाखाली एक. मागचं खोडायचं नाही, मध्ये घुसवायचं नाही. मग संध्याकाळी दिवाणजी बसून त्या नोंदी खतावणीत ज्याच्या-त्याच्या खात्यावर घेणार. कोणाकडं किती येणं आहे, हे खतावणी सांगणार.

बहुतेक कंपन्यांचे कॉम्प्युटर अनेक वर्षं असंच काम करत होते, अजूनही करतात. दिवसभर नोंदी साठवायच्या, रात्री एकदम हिशोब लावायचा, सकाळी साहेबांच्या टेबलावर रिपोर्ट. याला बॅच प्रोसेसिंग म्हणतात. (लसीच्या कारखान्यात ‘बॅच’चा अर्थ वेगळा असतो, त्यामुळं तिथल्या मीटिंगमध्ये या शब्दानं काय गोंधळ होत असेल, विचार करा.)

स्ट्रीमिंगमध्ये रात्रीची वाट बघायची नाही. रोजकीर्दीत ओळ पडली की त्याच क्षणी ज्याला-ज्याला ती हवी त्या सगळ्यांपर्यंत ती पोचणार. आणि गंमत अशी की रोजकीर्द एकच, वाचणारे अनेक. हिशोबवाला आपल्या वेगानं वाचतो, गोदामवाला आपल्या, सुरक्षावाला आपल्या. एकजण मागं पडला म्हणून दुसऱ्याचं अडत नाही. प्रत्येकजण आपण कुठल्या ओळीपर्यंत वाचलं त्याची खूण ठेवतो.

ही कल्पना जगभर पोचवणाऱ्या सॉफ्टवेअरचं नाव आहे काफ्का. आणि ते बनवणाऱ्या तिघांपैकी एकजण पुण्याची आहे. नेहा नारखेडे पुण्यात वाढल्या, पीआयसीटीमध्ये शिकल्या, पुढं अमेरिकेत जॉर्जिया टेकला गेल्या. लिंक्डइनमध्ये काम करताना जे क्रेप्स आणि जुन राव यांच्यासोबत त्यांनी काफ्का उभं केलं. लाखो लोक एकाच वेळी प्रोफाइल बघतायत, क्लिक करतायत, मेसेज पाठवतायत, ही सगळी माहिती कंपनीतल्या वेगवेगळ्या यंत्रणांना एकदम हवी होती. प्रत्येक यंत्रणेतून दुसऱ्या प्रत्येक यंत्रणेला वेगळी वायर टाकत बसलं तर जाळं होतं. त्यांनी मध्ये एक रोजकीर्द ठेवली.

२०११ मध्ये काफ्का सगळ्यांसाठी मोफत खुलं झालं. ही यंत्रणा मुख्यतः लिहिण्यासाठी, म्हणून लेखकाचं नाव, असं क्रेप्स यांनी सांगितलंय. २०१४ मध्ये तिघांनी कॉन्फ्लुएंट ही कंपनी काढली, जून २०२१ मध्ये ती नॅसडॅकवर आली. खुद्द लिंक्डइनमध्ये २०१९ पर्यंत या रोजकीर्दीत दिवसाला ७ लाख कोटींहून जास्त नोंदी पडत होत्या.

कंपनीला यातून पैसा कुठं मिळतो?

पहिला फायदा उघड आहे: माल वाचतो. पण तो कसा वाचतो, हे नीट बघायला हवं.

औषधांच्या वाहतुकीत डेटा लॉगर आधीपासून आहेत. खोक्यात एक छोटं यंत्र टाकायचं, ते प्रवासभर तापमान नोंदवणार, माल पोचला की कॉम्प्युटरला जोडून आलेख काढायचा. त्यात दिसतं की काल दुपारी तीन ते पाच तापमान १२ अंश होतं. आता काय करणार? काल दुपार तर निघून गेली. तीच नोंद काल दुपारी तीन वाजून पाच मिनिटांनी कंट्रोल रूमला मिळाली असती, तर ड्रायव्हरला फोन गेला असता. दार नीट लागलं नसेल तर लावून घेतलं असतं. कूलिंगच बंद असेल तर जवळच्या कोल्ड स्टोरेजमध्ये माल उतरवता आला असता. सेन्सर तोच, आकडाही तोच, फक्त तो एक दिवस आधी मिळाला.

दुसरा फायदा कमी बोलला जातो, आणि अनेकदा तोच मोठा असतो. चांगला माल फेकावा लागत नाही.

औषधाच्या धंद्यात शंका आली की माल बाजूला काढावा लागतो. गाडी चार तास बंद होती एवढंच माहीत असेल आणि आतलं तापमान माहीत नसेल, तर कोण धोका पत्करणार? पण मिनिटामिनिटाची नोंद असेल तर क्वालिटी विभाग सांगू शकतो की तापमान ९ अंशांपर्यंतच गेलं, तेही वीस मिनिटं. उत्पादकाच्या चाचण्यांनुसार एवढं चालतं का ते तपासा आणि ठरवा. निर्णय माहितीवर होतो, भीतीवर होत नाही. २४ लाखांचं खोकं असेल तर ही छोटी गोष्ट राहत नाही.

तिसरा फायदा भांडणाचा. माल खराब झाला की कारखाना म्हणतो ट्रान्सपोर्टवाल्यानं केला, ट्रान्सपोर्टवाला म्हणतो विमानतळावर उन्हात पडून होता, विमा कंपनी म्हणते पुरावा आणा. सगळ्यांच्या समोर एकाच वेळी एकच नोंद असेल तर हे प्रकरण महिनोन् महिने चालत नाही.

आणि हे कारखान्याच्या आतही लागू आहे. लस बनवताना मोठ्या टाक्यांमध्ये पेशी वाढवतात. तापमान, आम्लता, विरघळलेला ऑक्सिजन सतत मोजत राहावं लागतं. एक टाकी बिघडली तर आठवड्यांची मेहनत जाते. ऑक्सिजन अजून हद्दीत आहे पण गेला अर्धा तास सारखा खाली सरकतोय, हे जो आधी ओळखेल तो टाकी वाचवेल. मांजरीपासून जवळच, मुंढव्यात भारत फोर्जचा कारखाना आहे, तिथं लोखंड तापवून ठोकलं जातं. माल पूर्ण वेगळा, पण तत्त्व कुठल्याही मोठ्या प्रेसला किंवा भट्टीला तेच लागतं. मशिन बंद पडायच्या आधी तिची थरथर बदलते. ती थरथर आज ऐकली तर सुटीच्या दिवशी बेअरिंग बदलता येतं; नंतर कळली तर ऐन ऑर्डरच्या वेळी लाइन बंद.

याहून रूक्ष पण मोठ्या कंपनीत रोज जाणवणारी गोष्ट म्हणजे मीटिंग. उत्पादन विभागाचा आकडा सोमवारचा, गोदामाचा शनिवारचा, विक्रीचा काल रात्रीचा. मग अर्धी मीटिंग कोणाची एक्सेल शीट खरी यावरच जाते. रोजकीर्द एक झाली की निदान हे भांडण तरी संपतं.

बँकांचं उदाहरण तर सगळ्यांच्या खिशात आहे. ऑगस्ट २०२३ मध्ये यूपीआयनं पहिल्यांदा एका महिन्यात १,००० कोटी व्यवहारांचा टप्पा ओलांडला. सरासरी काढली तर सेकंदाला साडेतीन हजारांहून जास्त. फसवणुकीचा पैसा काही मिनिटांत एका खात्यातून दुसऱ्या, तिसऱ्या, चौथ्या खात्यात फिरतो. उद्या सकाळच्या रिपोर्टमध्ये तो दिसला तर पुन्हा पंचनामाच. सायबर फसवणूक झाली की लगेच १९३० वर फोन करा असं सांगतात ते याच कारणासाठी. पैसा पुढं सरकण्याआधी बातमी पोचली पाहिजे.

दिसतं तेवढं सरळ नाही

ट्रक घाटात शिरला, नेटवर्क गेलं. लॉगर हुशार असेल तर तो नोंदी स्वतःकडं साठवतो आणि रेंज आल्यावर एकदम पाठवतो. आता कंट्रोल रूममध्ये सहा वाजताची नोंद सात वाजता येते, आणि कधीकधी ‘दार बंद झालं’ ही बातमी ‘दार उघडलं’च्या आधी. यंत्रणेनं बातमी कधी आली याकडं बघून चालत नाही, घटना कधी घडली हे बघावं लागतं. आणि उशिरा येणाऱ्यांसाठी किती वेळ थांबायचं, तेही ठरवावं लागतं. फार थांबलं तर इशारा उशिरा जातो, लगेच ठरवलं तर चुकीचा जातो.

दुसरी अडचण, एकच नोंद दोनदा येणं. पोचल्याची खात्री झाली नाही म्हणून यंत्र पुन्हा पाठवतं. तापमान दोनदा आलं तर बिघडत नाही. पण खात्यातून पाचशे रुपये दोनदा कापले गेले तर? म्हणून बँकेच्या यंत्रणेत प्रत्येक व्यवहाराला वेगळा क्रमांक असतो आणि तो आधी येऊन गेलाय का, हे तपासलं जातं.

हे सगळं सांभाळायला माणसं लागतात, चोवीस तास. सर्व्हर लागतात, नेटवर्क लागतं, एक बंद पडलं तर दुसरं तयार लागतं. खर्चाचा मोठा भाग सुरुवातीलाच करावा लागतो, मग गाड्या दहा असोत वा हजार. मोठ्या कंपन्यांना याचा जास्त फायदा का होतो, त्याचं उत्तर यात आहे. हजार गाड्यांवर तो खर्च वाटला की प्रत्येक गाडीमागं किरकोळ पडतो. दहा गाड्यांच्या मालकाला तोच खर्च झेपत नाही. मग तो मोठ्या कंपनीचं यंत्र आपल्या गाडीत बसवतो, आणि गाडी त्याची असली तरी माहिती दुसऱ्याची होते.

आणि सगळ्याच गोष्टींना हा खटाटोप लागतही नाही. पगार महिन्याला होतो, ताळेबंद वर्षाला. तिथं रात्रीचा रिपोर्ट मस्त चालतो. अनेक कंपन्या भिंतीवर मोठे स्क्रीन लावतात, त्यावर आकडे सरसर हलत असतात, पाहुण्यांना दाखवायला छान. माहिती पाच मिनिटांत आली तर पाच मिनिटांत कोणी काही करणार आहे का, या प्रश्नाला ‘नाही’ असं उत्तर असेल तर तो स्क्रीन म्हणजे महागडं कॅलेंडर.

मांजरीतले दुसरे दोन शेजारी

सीरममुळं मांजरीचं नाव जगभर गेलं, पण या गावात आणखी दोन संस्था आहेत ज्यांचा संबंध थेट शेतकऱ्याशी आहे. १९७५ मध्ये सुरू झालेली, आता वसंतदादा शुगर इन्स्टिट्यूट म्हणून ओळखली जाणारी साखर उद्योगाची संस्था. आणि १९९७ पासूनचं राष्ट्रीय द्राक्ष संशोधन केंद्र. २०२१ मध्ये मांजरी बुद्रुक पुणे महापालिकेत आलं, आजूबाजूला टॉवर उठले, तरी ऊस आणि द्राक्ष या महाराष्ट्राच्या दोन मोठ्या पिकांचं संशोधन अजून इथं चालतं.

ही दोन्ही पिकं लसीसारखीच घड्याळाला बांधलेली आहेत.

ऊस तोडला की त्यातली साखर कमी व्हायला लागते आणि उसाचं वजनही घटतं. तो शक्यतो चोवीस तासांत गाळायला हवा. यार्डात ट्रॅक्टर आणि ट्रकची रांग लागली की वजनाचं नुकसान शेतकऱ्याचं आणि उताऱ्याचं कारखान्याचं. कुठल्या फडात तोड सुरू आहे, किती गाड्या वाटेत आहेत, मिल किती वेगानं चाललीय, हे सगळं एकत्र दिसत असेल तर तोडच मागंपुढं करता येते. शेतात बारामतीच्या ॲग्रिकल्चरल डेव्हलपमेंट ट्रस्टनं मायक्रोसॉफ्टच्या साथीनं एआयचा प्रयोग केलाच आहे, त्यात जमिनीतले सेन्सर आणि हवामान केंद्र उसाची माहिती सतत पाठवतात.

पण उसाच्या शेतकऱ्याला विचारलं तर तो आधी वजनकाट्याबद्दल बोलेल. काटामारीची तक्रार महाराष्ट्रात फार जुनी आहे. २०२५-२६ च्या हंगामाला केंद्रानं १०.२५ टक्के उताऱ्याला क्विंटलमागं ३५५ रुपये एफआरपी ठरवली. म्हणजे दहा टनांच्या खेपेत दोन क्विंटल इकडंतिकडं झाले तर सातशे रुपये गेले. काट्यावरचा आकडा त्याच क्षणी कारखान्याच्या कॉम्प्युटरमध्ये जातो. तोच आकडा त्याच क्षणी शेतकऱ्याच्या मोबाइलवरही गेला, तर गाडी काट्यावर असतानाच त्याला विचारता येतं. आठवड्यानं पावती मिळाली तर त्याच्याकडं फक्त संशय उरतो. तंत्रज्ञान दोन्हीकडं तेच. ओळ वाचायची परवानगी कोणाला, एवढाच फरक.

द्राक्षात दोन्ही बाजू बघायला मिळतात. बागेत डाऊनी येणार का, हे पाऊस, आर्द्रता आणि पान किती तास ओलं राहिलं यावरून ठरतं. बागेतल्या छोट्या हवामान केंद्रानं रात्रीची माहिती पहाटे दिली तर शेतकरी सकाळीच फवारणी करायची की नाही ते ठरवतो. एक फवारणी वाचली तरी पैसा वाचतो आणि फळावर औषधाचा अंशही कमी राहतो. अंश म्हणजे काय, हे द्राक्षवाल्यांना २०१० पासून चांगलं माहीत आहे. तेव्हा क्लोरमेक्वाटच्या अंशामुळं युरोपात भारतीय द्राक्षं अडली होती. इथं माहिती शेतकऱ्याची, निर्णय त्याचा, फायदाही त्याचा.

तीच द्राक्षं रिफर कंटेनरमध्ये भरून समुद्रात गेली की चित्र बदलतं. मर्स्कनं २०१७ मध्ये आपल्या सुमारे २ लाख ७० हजार रिफर कंटेनरवरची माहिती ग्राहकांना बघायला खुली केली. कंटेनर कुठं आहे, आत किती तापमान आहे, किती वेळ वीज नव्हती. लाल समुद्रातल्या हल्ल्यांमुळं २०२३ च्या अखेरीपासून जहाजं आफ्रिकेला वळसा घालून जायला लागली आणि आधीच लांबचा प्रवास आणखी लांबला. अशा वेळी कुठला कंटेनर आधी विकायला काढायचा, हे ठरवायला ही माहिती सोन्यासारखी. पण ती बघतो शिपिंग कंपनीचा ग्राहक, म्हणजे निर्यातदार किंवा आयातदार. नाशिक-सांगलीच्या बागायतदाराला बहुतेक वेळा शेवटचा निरोप तेवढा मिळतो, की माल नरम निघाला, भाव कमी लागला. नरम कुठं झाला ते दाखवणारा आलेख कुठंतरी असतो. पण तो त्याच्या फोनमध्ये नसतो.

२०२३ चा वैयक्तिक डेटा संरक्षण कायदा इथं फारसा मदतीला येत नाही, कारण तो माणसाच्या खासगी माहितीसाठी आहे. कंटेनरचं तापमान ही काही कोणाची खासगी माहिती नव्हे. ते करारातच लिहून घ्यावं लागेल. शेतकरी उत्पादक कंपन्या मोठ्या होतायत, त्यांच्या करारात दरासोबत ही एक ओळ येऊ शकते.

ट्रक ड्रायव्हरचं मात्र उलट. त्याची प्रत्येक थांबलेली मिनिटं, प्रत्येक ब्रेक, दार उघडल्याची प्रत्येक वेळ कोणाच्या तरी स्क्रीनवर आहे. चहाला थांबला तरी फोन येतो. खोटा आरोप आला तर हीच नोंद त्याला वाचवू शकते, पण ती त्याला मागता येते का, हा प्रश्न शेतकऱ्याच्याच रांगेतला आहे.

रात्री दोनचा एसएमएस

आता पुन्हा त्या आयएलआरकडं. सेन्सर लागला, लॉगर लागला, सिमकार्ड चालू आहे. रात्री दोनला तापमान ८ च्या वर गेलं आणि मेसेज सुटला. इथपर्यंतचं काम मशिनचं.

पुढचं काम एका माणसाचं आहे. त्यानं मेसेज बघायला हवा, आणि तो बघेलच याची खात्री नाही. सेन्सर सैल असेल, दुपारी लस काढताना दार जरा जास्त वेळ उघडं राहिलं तरी अलार्म येत असेल, तर महिन्याभरात तो माणूस फोन सायलेंटवर टाकतो. कारखान्याच्या कंट्रोल रूममध्येही हेच होतं. दिवसाला पाचशे इशारे आले की पाचशे एकावा खरा असला तरी कोणी मान वर करत नाही. म्हणून जाणत्या कंपन्या यंत्रणा लावून झाल्यावर सगळ्यात जास्त वेळ अलार्म कमी करण्यात घालवतात. कुठला फक्त नोंदवायचा, कुठल्यावर मेसेज, कुठल्यावर थेट फोन, आणि पहिल्यानं उचलला नाही तर दहा मिनिटांनी दुसऱ्या कोणाला.

समजा त्यानं बघितलं. मग उठून केंद्रावर जायचं. लसीच्या खोलीची किल्ली त्याच्याकडं हवी. लाइट नसेल तर लस कोल्ड बॉक्समध्ये हलवायची. त्यातही फ्रीझरमधले आइस पॅक काढून थेट लसीला लावायचे नाहीत, नाहीतर गरम होण्यापासून वाचवलेली लस गोठून जाईल. पॅक थोडा वेळ बाहेर ठेवायचे, घाम सुटू द्यायचा. हातात घेऊन हलवल्यावर आत पाण्याचा आवाज आला की मग बॉक्समध्ये लावायचे, मध्ये लस ठेवायची, झाकण घट्ट बसवायचं, आणि वेळ वहीत लिहायची.